समारोपाच्या आधी

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काही शिकलेली माणसं जमायची, दुपारभर बोलायची आणि कशाचाही निकाल न लावता चहा पिऊन घरी जायची. या प्रकाराला ती मंडळ म्हणत. माझा नवरा त्या मंडळाचा चिटणीस होता. राज्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला आणि उरलेला सगळा जीव त्याने या मंडळात ओतला. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते, म्हणजे मंडळाच्या लेखी चहा करणारी.

मंडळाची एक रीत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. प्रत्येक विषयाला दोन वक्ते, एक अनुकूल, एक प्रतिकूल. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं हे पाळीने ठरायचं. मागच्या वेळी अनुकूल बोललात की या वेळी प्रतिकूल. तुम्हाला स्वतःला काय वाटतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आपलं मत बाहेर चपलांजवळ ठेवून आत यावं, असं अध्यक्ष, एक निवृत्त प्राचार्य, म्हणायचे आणि लोक मान डोलवायचे. शेवटी अध्यक्षांचा समारोप. तो संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, मध्ये तोंड घालायचं नाही, फोन घ्यायचा नाही. समारोप प्रत्येक वेळी तोच असायचा, विषय गुंतागुंतीचा आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. हे एक वाक्य सांगायला त्यांना अर्धा-पाऊण तास लागायचा.

या हॉलमध्ये मी काय काय ऐकलं नाही! फाशीची शिक्षा असावी की नसावी. आरक्षण किती काळ, कुणाला. देवळाच्या गाभाऱ्यात बायकांनी जावं का. धर्म बदलणाऱ्याला कुणी विचारावं का. माणसाने काय खावं हे सरकारने ठरवावं का. आरक्षणावर दोन्ही बाजूंनी घसा कोरडा करणाऱ्यांची मुलं तिकडे अमेरिकेत स्थिरावलेली होती, त्यांचं कुठल्याच निकालाने काही जाणार नव्हतं. मांसाहारबंदीच्या बाजूने ज्यांनी तास घेतला, तेच समाजशास्त्राचे प्राध्यापक चहाच्या वेळी मला हळूच विचारत होते की सावजीचं मटण आता चांगलं कुठे मिळतं. मी सांगितलं. त्यांनी ठिकाण नीट समजून घेतलं. त्या दिवशी त्यांनी एवढी एकच गोष्ट नीट समजून घेतली असेल.

ते ढोंगी होते असं मी म्हणत नाही. ढोंगी माणसाला निदान स्वतःचं खरं मत ठाऊक असतं, ते तो लपवतो. यांच्याकडे लपवायलाही काही नव्हतं. एकेका प्रश्नाच्या दोन्ही बाजू घासूनपुसून इतक्या वेळा मांडल्या होत्या की आपण कुठल्या बाजूचे हे ते कधीच विसरून गेले होते, आणि या विसरण्यालाच ते विद्वत्ता म्हणत. चौकात एखाद्याला दुचाकीवाल्याने उडवलं तर हे आधी चालकाची बाजू, मग पादचाऱ्याची बाजू, आणि मग रस्त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडतील. पाणी पाजायला पानठेल्यावरचा माणूस धावेल.

नवऱ्याचंही तेच होतं, आणि मी ते त्याला कधी माफ केलं नाही.

माझी आई गेली तेव्हा मला तिला अग्नी द्यायचा होता. मी तिची एकुलती एक. आजारपणात मीच तिला उचलत होते, मीच भरवत होते. वर्ध्याला घराच्या अंगणात माझा चुलतभाऊ मडकं धरून उभा होता आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलावा, एवढीच अपेक्षा होती. जावयाचा शब्द त्या घरात चालत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझं म्हणणं रास्त आहे, पण त्यांच्या भावनांनाही एक परंपरा आहे." महिनाभरापूर्वी मंडळात याच विषयावर त्याची प्रतिकूल पाळी होती, म्हणून ती बाजू त्याला तोंडपाठ होती. भाऊ घाटावर गेला. मी दारात उभी राहिले. घरी परतल्यावर मी त्याच्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले आणि तो समजला की मी आईच्या दुःखात आहे.

एवढं असूनही मी त्याच्यासाठी जे केलं, ते का केलं, हे सांगायला हवं.

एका दुपारी आम्ही जेवत होतो. मी वैतागून सांगत होते की आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या शरीराचा जो प्लॅस्टिकचा पुतळा होता, त्याचं यकृत कधीचं हरवलं होतं आणि मी पोरांना तिथे रिकामी जागा दाखवून यकृत शिकवत राहिले. तो वरणभात कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "मी गेल्यावर माझं शरीर मुलांना शिकायला द्यायचं."

मी थांबले. आता "पण" येईल, मग "दुसरीकडे असंही म्हणता येईल" येईल. तो भात खात राहिला. ताक मागितलं. "पण" आला नाही. संसाराच्या इतक्या वर्षांत त्या माणसाने "पण" न लावता उच्चारलेलं हे एकच वाक्य मी ऐकलं. पुढच्या आठवड्यात तो मेडिकल कॉलेजात जाऊन नावही नोंदवून आला आणि साक्षीला मंडळाच्या अध्यक्षांना घेऊन गेला. त्या दिवशी मला तो आवडला. म्हाताऱ्या बाईने असं लिहू नये कदाचित, पण फार आवडला.

तो गेला मार्च संपता संपता, पहाटे, आमच्याच पलंगावर. आठवडाभर तब्येत खालावत होती म्हणून मुलगी बंगळुरूहून आधीच आली होती. शेजारचे डॉक्टर येऊन मृत्यूचा दाखला देऊन गेले. मी मुलीला म्हटलं, मेडिकल कॉलेजला फोन लाव. तिने लावला. तिकडचा माणूस नीट बोलला. गाडी दुसरीकडे गेली आहे, यायला वेळ लागेल. तुम्ही आणि आई संमती देणार ना? मग एक सांगून ठेवतो, घरात वाद चालू असेल तर आम्ही नेत नाही. भांडणातून देह उचलायचा नाही, असा आमचा नियम आहे.

हे मुलीने मला स्वयंपाकघरात सांगितलं आणि बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. माझा धाकटा दीर आला होता.

दिराचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. येतानाच तो पांढरं कापड घेऊन आला होता. बांबू, मडकं, गोवऱ्या आणायला माणूस रवाना झाला होता, घाटावर फोन गेला होता. सोबत त्याची मुलं, सासरकडची माणसं, दुकानातले दोघे. तो भावाच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला आणि मग उठून कामाला लागला. मी त्याला अंगणात गाठून सांगितलं की तुमच्या भावाची इच्छा वेगळी होती, आणि काय होती तेही सांगितलं.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "वहिनी, हे काय बोलून राहिल्या तुम्ही? माह्या भावाले पोट्टे कापतीन? मी जित्ता असताना?"

त्याच्या मागची माणसं पुढे सरकली. कुणीतरी म्हणालं, वहिनीला धक्का बसला आहे, आत न्या. माझ्या खांद्यावर एका बाईचा हात आला आणि मी तो झटकला. आणखी थोडा वेळ असं चाललं असतं तर आवाज चढले असते, नेमकी तेव्हाच गाडी आली असती आणि रिकामी परत गेली असती. माझ्या नवऱ्याचं ते एकुलतं एक वाक्य घाटावर जळून गेलं असतं.

आणि तेवढ्यात फाटकातून मंडळ आत आलं. अध्यक्ष पुढे, मार्चच्या उन्हातही गळ्यात मफलर. मागे समाजशास्त्र, कायदा, इतिहास, हार घेऊन. मला वाटलं, सुटले. साक्षीदार आला. कितीही पुळचट असला तरी या माणसाने स्वतःच्या हाताने सही केली आहे.

दिरानेच त्यांना विचारलं. हात जोडून म्हणाला, सर, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच काय ते वहिनीला सांगा. मीही म्हटलं, हो सर, तुम्हीच सांगा, तुम्ही होतात ना सोबत.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, मफलर सारखा केला. मग म्हणाले, "हे पाहा, विषय गुंतागुंतीचा आहे."

आत माझा नवरा मरून पडला होता. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही, तोंडात थुंकी जमली होती. कायद्याचे प्राध्यापक लगेच म्हणाले की मृत व्यक्तीला इच्छा असते का, हाच मुळात प्रश्न आहे. समाजशास्त्र म्हणालं की अंत्यसंस्कार हे मृतासाठी नसून समूहासाठी असतात, असाही एक मतप्रवाह आहे. इतिहासाने घसा खाकरला. मी दिराकडे पाहिलं. तो ऐकत होता. आयुष्यात त्याने कुठल्या प्रोफेसरला मध्येच थांबवलं नव्हतं. भाऊ प्रोफेसर झाला तेव्हा गांधीबागेत पेढे वाटणारा माणूस तो. त्याची माणसंही गप्प झाली होती, कारण सर लोक बोलत होते.

तेव्हा मला सुचलं.

मी थुंकी गिळली आणि म्हटलं, "सर, मग दोन्ही बाजू नीट होऊनच जाऊ द्या. तुमच्या पद्धतीने. ह्यांनाही ते आवडलं असतं."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. मित्राचं प्रेत आत ठेवलेलं असताना त्या माणसाला विषय मिळाल्याचा आनंद झाला. मी मागच्या खोलीतून मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढल्या आणि अंगणात कडुलिंबाखाली मांडल्या. पहिली खुर्ची दिराला दिली, अध्यक्षांच्या शेजारी, मानाची. त्याची माणसंही बसली. अध्यक्षांनी रीत समजावून सांगितली. आधी एक बाजू, मग दुसरी, कुणी मध्ये बोलायचं नाही, समारोप होईपर्यंत कुणी उठायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी आत जाऊन मुलीला म्हटलं, तू गाडीवाल्यांशी बोलत राहा, अंगण आता शांत आहे. आणि चहाचं आधण ठेवलं.

प्रतिकूल बाजू दिराला दिली. तो दोन वाक्यं बोलला आणि रडला. माझा भाऊ, मला त्याला पोचवायचं आहे, बस. त्या अंगणात तेवढंच काय ते खरं बोलणं झालं, आणि ते माझ्या विरुद्ध होतं. मग समाजशास्त्राने त्याची बाजू उचलून धरली आणि तिचं पार चऱ्हाट केलं. संस्कार, समूहाची स्मृती, आधुनिकतेचं एकाकीपण. दीर सुरुवातीला मान हलवत होता, पुढे पुढे त्याला आपण काय म्हटलं होतं तेच कळेनासं झालं. मग कायदा अनुकूल बोलायला उठला. शरीरावर मालकी कुणाची, मालकी हा शब्दच योग्य आहे का. फाटकाशी बांबू घेऊन आलेला माणूस उभा होता. त्याने खुणेने विचारलं, कुठे ठेवू. दिराने खुणेनेच सांगितलं, थांब. मी चहा फिरवला. मंडळाचा चहा खरं तर समारोपानंतर असतो, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

मी अधूनमधून आत जाऊन नवऱ्यापाशी बसत होते. बाहेरून त्याच्या मित्रांचे आवाज येत होते, दर रविवारी यायचे तसेच. मला रडू तिथे आलं. कारण मला पक्कं ठाऊक होतं की आज दुसऱ्या कुणाचं प्रेत असतं तर हाही त्या खुर्च्यांवर बसला असता, सर्वांत जास्त वेळ बोलला असता, आणि कुठल्या बाजूने ते पाळीवर ठरलं असतं. मी त्याचा हात धरून त्याला हे बोलूनही दाखवलं. रागानेच बोलले. हात गार होता.

गाडी आली तेव्हा अध्यक्षांचा समारोप सुरू झाला होता. गाडीतून दोन माणसं आणि शरीररचनाशास्त्र विभागातली एक तरुण डॉक्टर उतरली. तिने अंगणात शांत बसलेली माणसं पाहिली, हळू आवाजात बोलणारे एक वृद्ध गृहस्थ पाहिले आणि तिला वाटलं की शोकसभा चालू आहे. ती नमस्कार करून मागच्या दाराने आत आली. मी सही केली, मुलीने सही केली. डॉक्टरने माझ्या नवऱ्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला, मग त्या दोघा माणसांनी त्याला उचललं.

स्ट्रेचर बाहेर निघालं तसा दीर खुर्चीतून अर्धा उठला. अध्यक्षांनी न थांबता हात वर केला आणि म्हणाले, बसा, समारोप व्हायचा आहे. आणि तो बसला! गांधीबागेत दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारा माणूस, सख्खा भाऊ समोरून जात असताना, केवळ एका निवृत्त प्राचार्याने हात वर केला म्हणून बसला. क्षणभरच. मग भानावर येऊन धावत गाडीपाशी आला. तोपर्यंत स्ट्रेचर आत गेलं होतं.

तो ओरडला नाही. म्हणाला, "वहिनी, तुम्ही मले बसवून ठेवलं."

"हो भाऊजी," मी म्हटलं. "बसवून ठेवलं."

त्याने गाडीत वाकून भावाच्या पायांवर डोकं टेकवलं. पांढरं कापड पायांवर पसरलं, डॉक्टरने पसरू दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, की आता त्याने करायचं काय, त्याच्या हाती राखही येणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला जे करायचं ते नदीवर करा, दहावा करा, तेरावी करा, मी येईन. आणि दहाव्याला मी गेलेही. तो पिंड ठेवत होता, मी उन्हात शेजारी बसले होते. त्याच्याशी माझं वैर कधीच नव्हतं. त्याला काहीतरी हवं होतं, मला काहीतरी हवं होतं. अशा दोन माणसांचं जमतं कधीतरी. ज्यांना काहीच नको असतं त्यांच्याशी काय जमवणार!

गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा अंगणात अध्यक्ष म्हणत होते की दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

पुढे मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी सांगितलं की आमच्या चिटणिसांच्या देहदानाचा अवघड निर्णय मंडळाने त्यांच्याच अंगणात, साधकबाधक चर्चा करून, कुटुंबीयांना विश्वासात घेऊन पार पाडला. टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, हे पाहून मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यावरही दोन वक्ते लागले असते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला विचारलं, यापुढेही तुमच्या हॉलमध्ये बसलं तर चालेल का. पुढचा विषय ठरला होता, मृतदेहावर हक्क कुणाचा.

मी हो म्हटलं.

मुलगी संतापली. परत जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती आणि मी तिला सांगत होते की मीही मेडिकल कॉलेजात नाव नोंदवून आले आहे, माझंही तसंच करायचं. ती म्हणाली, ते करीन, पण या लोकांना तू अजून घरात का घेते आहेस? बाबा गेले त्या दिवशी हे कसे वागले ते पाहिलंस ना? आणि तुझ्या वेळी तर मी एकटीच असेन. काका येतील, वर्ध्याचे मामा येतील, मडकं घेऊन. मी एकटी कुणाकुणाला थोपवू?

मी तिच्या हातातली साडी घेऊन नीट घडी केली.

"मी गेली की पहिले मंडळाले फोन करजो," मी म्हटलं. "मंग कॉलेजले. खुर्च्या मागच्या खोलीत आहेत."